सहा तासांचं काम आणि घरचा बुधवार

प्रश्न विचारणारा मुलगा आमच्या इंदुरातच, विजयनगरला राहतो, पस्तिशीचा आहे. त्याचं पत्र थोडक्यात असं: "काकू, सहा वर्षं रक्तदान आणि नेत्रदानाचं काम करतोय. माझी नोकरी आहे, बायकोचीही आहे, मुलगी सहा वर्षांची. वडिलांचं सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं. गेल्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी फोन आला आणि मी उठून गेलो. रात्री परतलो तर बायको म्हणाली, 'मेलेल्यांच्या घरी वेळेवर पोचतोस. आमच्यातलं कुणी मरायची वाट बघायची का?' काम सोडून देऊ का? आधी घर की आधी सेवा?"

सोडू नकोस. आणि घर आधी. दोन्ही एकदम सांगतेय म्हणून चक्रावू नकोस, पुढे उलगडेल.

मी बँकेतून निवृत्त झाले, पण नेत्रदानाचं काम त्याच्या बरंच आधीपासून करतेय, २३ वर्षं झाली. माणूस जाऊन तासही झालेला नसतो तेव्हा आपण त्या घरात शिरतो. हुंदके चालू असतात, कुणी मुक्तिधामाला फोन लावत असतं, कुणी उठावन्याची, म्हणजे शोकसभेची, वेळ ठरवत असतं, आणि त्या गर्दीत आपण कोपऱ्यात उभं राहून सही कोण देणार ते हळूच विचारतो. हे काम अंगात भिनतं. तुझ्याही भिनलंय, पत्रावरूनच कळतं. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

सासूबाई गेल्या तेव्हा मी घरातच होते. पहाटे चार-सव्वाचारची वेळ. ह्यांनी हाक मारली, मी गेले, नाडी पाहिली, डॉक्टरांना फोन केला. आणि त्यानंतर जे केलं ते आज डोळ्यांसमोर आलं की मान खाली जाते. पंखा बंद केला. पापण्या मिटवल्या, कापूस पाण्यात भिजवून, पिळून त्यांवर ठेवला. मानेखाली दुसरी उशी सरकवली. आय बँकेला फोन. फॉर्म कपाटात वरच्या खणात होता, तो काढला. शेजारच्या दोघांना साक्षीदार म्हणून उठवलं. सगळं चोख, वीस मिनिटांत. माझ्या हाताखाली शिकलेल्या कुठल्याही मुलीला दाखवावं इतकं चोख. हे दारात उभे होते. मी फॉर्म पुढे केला तर म्हणाले, "सही करतो. पण तू आज सून म्हणून आहेस की टीम म्हणून? जरा बस ना इथे."

मी बसले नाही. टीमला गल्ली सापडत नव्हती, मी खाली गेले.

नेत्रदान व्यवस्थित झालं. त्यानंतर मात्र सहा-आठ महिने हे माझ्या कामाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. रात्री फोन वाजला की कूस बदलून झोपायचे. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना या कामाचं मोल कळत नाही. वास्तविक सही त्यांनी केली होती, स्वतःच्या आईसाठी. मोल त्यांना माझ्याहून जास्त कळलं होतं.

आता तुझ्या कामाकडे बघू. नेत्रदानाला मृत्यूनंतर साधारण सहा तास मिळतात, तेवढ्यात डोळा काढला गेला पाहिजे. जितकं लवकर तितकं चांगलं, हे खरंच. पण सहा तास म्हणजे सहा मिनिटं नव्हेत. या सहा तासांत काय काय होतं ते कागदावर मांड. पहिला फोन घरच्यांचा. त्यांना सांगायचं: पंखा बंद, एसी असेल तर चालू, पापण्या मिटवा, ओला कापूस ठेवा, डोकं थोडं उंचावर. दोन मिनिटांचं बोलणं आहे, आणि ते भाजी निवडता निवडताही सांगता येतं, मी सांगितलंय. मग आय बँकेला कळवायचं, आणखी दोन मिनिटं. मग डॉक्टर किंवा तंत्रज्ञ येतात, जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती आणि साक्षीदारांच्या सह्या घेतात, रक्ताचा नमुना घेतात आणि वीस-तीस मिनिटांत काम उरकून जातात. चेहरा होता तसाच दिसतो.

यात तू कुठे आहेस? पहिल्या दोन फोनांत आहेस. उरलेला वेळ तू तिथे उभा असतोस. उभं राहण्याला अर्थ नाही असं मी म्हणणार नाही, घरच्यांना धीर येतो. पण तो धीर विजयनगरहून सुदामानगरला चाळीस मिनिटं स्कूटर हाणत येणाऱ्या अनोळखी मुलापेक्षा त्याच गल्लीतल्या, रोज दूध आणायला भेटणाऱ्या बाईने दिला तर जास्त लागतो. हे मला फार उशिरा उमगलं, आणि तेही रंगपंचमीला.

गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा दिवस. राजवाड्याच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते, तुला सांगायला नको. मुलगा आठ महिन्यांनी पुण्याहून आला होता, मी पुरण वाटत होते. मल्हारगंजच्या आतल्या भागातून फोन आला, आजोबा गेलेत, नेत्रदान करायचंय. एरवी मी पुरण तसंच टाकून निघाले असते. त्या दिवशी निघूनही उपयोग नव्हता, राजेंद्रनगरहून तिकडे पोचले असते तीन तासांनी, तेही डोक्यापासून पायापर्यंत रंगून. तिथे राहणारी आमची एक मैत्रीण होती, तोवर फक्त शिबिरात टेबल सांभाळायची. तिला फोन केला. ती चालत गेली. टीमची गाडी लांबच अडली, तर हिने गल्ल्यागल्ल्यांतून माणूस पाठवून त्यांना पेटीसकट पायी आणवलं. त्या घरातली सून हिची शाळेतली मैत्रीण निघाली. पुढे त्याच गल्लीतून आणखी तीन नेत्रदानं झाली. मी गेले असते तर एकच झालं असतं.

आणि मी? मी पुरणपोळ्या केल्या, आणि दुपारभर मनात कुरकुरत राहिले, की माझ्यावाचून झालंच कसं! तुला हसू येईल, पण रोगाचं मूळ इथे आहे. बाहेर आपल्याला लोक हात जोडतात. उठावन्यात नाव घेतात, वर्षातून एकदा शाल-श्रीफळ मिळतं. घरात आल्यावर कुणी हात जोडत नाही, गॅस संपलाय असं सांगतात. सहा वर्षांची मुलगी पाढे पाठ करताना तिसऱ्यांदा सातावर अडते तेव्हा फोन वाजला तर माणसाला बरंच वाटतं रे. मला वाटायचं. तुझ्याकडे येणाऱ्या फोनांतले किती तुलाच हवेसे असतात, ते एकदा स्वतःशी तपासून बघ. मला सांगू नकोस.

रक्ताच्या फोनांचं तर आणखी वेगळं. रात्री दोन वाजता "अर्जंट" म्हणून येणारा प्रत्येक फोन अर्जंट नसतो. नातेवाईक घाबरलेले असतात, एकाच वेळी पाच ग्रुपांवर निरोप टाकतात, आणि पाच ठिकाणचे कार्यकर्ते चपला घालतात. उठायच्या आधी तीन गोष्टी विचार: रुग्ण कुठे आहे, डॉक्टरांची मागणीचिठ्ठी आणि नमुना रक्तपेढीत पोचलाय का, आणि रक्त किती वाजेपर्यंत हवंय. निम्म्या वेळा चिठ्ठीच गेलेली नसते. मग तू एमवाय रुग्णालयाच्या आवारात पोचून करणार काय, चहा पिणार. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलांचं तर आधीच ठाऊक असतं, दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागणारच. ते पोर रात्री अकराला "अचानक" कसं येतं? आपण कॅलेंडर केलेलं नसतं म्हणून. पुरुष दात्याला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, बाईला चार महिन्यांनी. एका मुलामागे पुरेसे दाते तारखा लावून बांधले की ते मूल तुझ्या रात्रींतून कायमचं बाहेर पडतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, तिथे धावपळ राहणारच, पण तीही वाटून घेता येते.

म्हणून काम सोडू नकोस, फोन सोड. शहराचे भाग पाड. पलासियापासून पूर्वेकडचं तुझ्याकडे असेल तर पश्चिमेकडचं दुसऱ्या कुणाकडे. वार वाटा. रात्री दहा ते सकाळी सहा एकाच माणसाने आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा उचलायचं नाही, हे आम्ही ठरवलं तेव्हा दोन जुने कार्यकर्ते रागावून सोडून गेले. "सेवेला कसली पाळी?" असं म्हणाले. जाऊ दिलं. तीच मंडळी पुढे अहिल्याबाईंचा दाखला देत फिरली.

इंदुरातल्या मराठी घरात सेवा हा शब्द निघाला की पाचव्या मिनिटाला अहिल्याबाई येतातच, तर त्याबद्दलही बोलते. त्यांच्या निधनानंतर वीस-पंचवीस वर्षांनी जॉन माल्कम हा कंपनी सरकारचा अधिकारी माळव्यात आला. त्यांना पाहिलेल्या लोकांना विचारून त्याने त्यांची दिनचर्या लिहून ठेवली आहे. पहाटे उठणं, पूजा, दानधर्म. दुपारी दोनला दरबार, तो सहापर्यंत. मग पूजाअर्चा आणि साधं जेवण. रात्री नऊला पुन्हा कामकाज, अकराला बंद. बघ, सगळ्या राज्याचा कारभार करणाऱ्या बाईच्या दिवसालाही वेळा होत्या. आणि त्यांचं घर? १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे, वर्षभरात मुलगा. १७९१ मध्ये जावई गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली, आईने विनवूनही थांबली नाही. त्यांचं घर एकेक करून रिकामं होत गेलं. तुझं भरलेलं आहे. त्यांचा दाखला देऊन कुणी तुला केकसमोरून उठवत असेल तर उठू नकोस.

नेत्रदानाचं आणखी एक, जे दुसऱ्या कुठल्या सेवेत इतकं उघड दिसत नाही. माणसाने हयातीत संकल्पपत्र भरलं, कार्ड पाकिटात ठेवलं, तरी वेळ आल्यावर फोन करायचा तो घरच्यांनी. संमती द्यायची तीही घरच्यांनी. घरचे नको म्हणाले की आपण हात जोडून परत येतो, कार्ड असो नसो. म्हणजे आपलं हे सगळं काम उभं आहे ते घराघरांतल्या माणसांच्या आपसातल्या गोडीवर. एकाने बोललेलं दुसऱ्याच्या लक्षात राहतं, आणि रडता रडता तो ते पुरं करतो. आता सांग, ज्या घरात "नेत्रदान" म्हटलं की बायकोचं तोंड वळतं, त्या घरातून उद्या तुझ्यासाठी फोन जाईल? माझ्या माहितीत एका फार मोठ्या कार्यकर्त्याच्या घरून तो गेला नाही. चारशेच्या वर घरी जाऊन आलेला माणूस. त्याच्या मुलाने आम्हाला उठावन्यालाच कळवलं.

बायकोशी बोलताना एक चूक हमखास होते, ती करू नकोस. "तू घर सांभाळतेस म्हणून मी सेवा करू शकतो, तेव्हा अर्धं पुण्य तुझं" असं सांगायला जाशील. भैया, हे अजिबात बोलू नकोस. पुण्य तिने मागितलेलं नाही. तीही नोकरी करते, आणि सासऱ्यांना डायलिसिसला नेणं, मुलीला आणणं, तुझा डबा गरम करणं हे सगळं तिच्याकडे कधी सरकलं ते तुम्हा दोघांनाही कळलं नाही. गोड नाव दिलं म्हणून ते हलकं होत नाही. तिला एवढंच सांग की बुधवार आणि शुक्रवार माझे.

आणि मग ते खरंच तुझे असू देत. चार तास मशीनजवळ बसायचं, वडील झोपले तरी. जायच्या आधीचं आणि नंतरचं वजन वहीत लिही. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं यावरून पाणी आणि मीठ किती गेलं ते कळतं, आणि ते तुला तोंडपाठ असलं पाहिजे, जशी तुला दात्यांची यादी पाठ आहे. हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, असेल तर रोज सकाळी त्यावर हलकेच बोटं ठेवून बघायचं. मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. नाही लागली तर दुपारची वाट न बघता लगेच डायलिसिसवाल्यांना फोन. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, पिशवी उचलणं नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. हे तुझ्या बायकोला सगळं माहीत असेल. तुला माहीत आहे का? मला अशी शंका आहे की तुला अनोळखी माणसाच्या डोळ्यांची जेवढी माहिती आहे तेवढी वडिलांच्या डाव्या हाताची नाही. चुकत असेन तर माफ कर.

सहा तासांची मुदत कुणीतरी छापून दिलीय म्हणून तिचा धाक वाटतो. वडील मशीनवर पडल्या पडल्या तुला कापड मिलमधल्या गोष्टी सांगतील, अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर कशा चालायच्या ते सांगतील, तर त्यांना अजून किती बुधवार आहेत ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

काही वेळा जावं लागेल, हेही सांगून ठेवते. पाळीवरचा माणूस आजारी, जवळ दुसरं कुणी नाही, साडेचार तास उलटून गेलेत, घरचे गोंधळलेत. अशी वेळ माझ्यावर वर्षाकाठी दोन-तीनदा येते. तेव्हा मी जाते. पण आधी ह्यांना सांगते की कुठे चाललेय, किती वाजता परत येईन, आणि उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी फोन करते. नंतर नव्हे. साधी गोष्ट आहे, पण ती जमायला मला दहा वर्षं लागली. आणि जे बुडालं असेल ते त्याच वस्तूने भरायचं. संध्याकाळ बुडाली तर संध्याकाळ द्यायची. येताना सराफ्यातून रबडी आणून भागत नाही, मी ढिगाने आणलीय.

मुलीच्या केकचं म्हणशील तर तिच्याशी मोठ्या माणसांसारखं समजावणीचं बोलू नकोस, की कुणाला तरी डोळे मिळाले वगैरे. सहा वर्षांच्या मुलीला तिच्या वाढदिवसाच्या बदल्यात दुसऱ्याचे डोळे दाखवायचे नसतात. मी माझ्या मुलाला असंच दाखवायचे. तो आता चाळिशीला आलाय, आणि अजूनही संकल्पपत्राचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो. तू फक्त म्हण की मी गेलो ते चुकलं. पुढे ती काय मागेल ते ऐक.

ह्यांचं शेवटी काय झालं ते विचारशील. मी काही भाषण वगैरे दिलं नाही. रात्रीचे फोन दोन दिवसांवर आणले, आणि सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला त्या दिवसाबद्दल ह्यांची माफी मागितली. हे काही बोलले नाहीत. पुढे केव्हातरी मी आंघोळीला गेलेली असताना माझा फोन वाजला, तर बाहेरून ह्यांचा आवाज ऐकू आला: "पंखा बंद करा आधी. हो, हो, एसी असू द्या."

तर या आठवड्यात एवढं कर. पश्चिमेकडच्या कार्यकर्त्यांची नावं मला पाठव, त्यातल्या कुणाकुणाला रात्रीची पाळी देता येईल ते मी सांगते, बहुतेकांना मी ओळखते. आणि येत्या बुधवारी वडिलांबरोबर तू जा. त्या दिवशीचे तुझे फोन माझ्याकडे वळव. मी दुपारी चारपर्यंत घेईन. चारनंतर नाही, तेव्हा आम्ही दोघं फिरायला जातो.